कुंपण उंच करताना

जमिनीत घातलेलं कुंपण एकदा घातलं की झालं. बर्फात घातलेल्या कुंपणाचं तसं नसतं. दर वादळानंतर बर्फ चढतो, खांब बुडतात आणि कुणाला तरी जाऊन ते उपटून वर पुन्हा रोवावे लागतात. कॅलिफोर्नियातल्या मॅमथ माउंटन या डोंगरावर ६ एप्रिल २००६ रोजी स्की-गस्तीच्या, म्हणजे बर्फावर स्की करणाऱ्यांना सांभाळणाऱ्या, पथकातली माणसं नेमकं हेच काम करत होती. कुंपणाच्या आत वाफ सोडणारं एक भोक होतं. ज्वालामुखीच्या पोटातली वाफ आणि वायू जिथून बाहेर पडतात अशा भोकाला भूशास्त्रात ‘फ्युमरोल’ म्हणतात. लॅटिनमध्ये धुराला ‘फ्यूमस’ म्हणतात, त्यावरून. हे भोक पथकाला नवीन नव्हतं. ते धोक्याचं आहे हे माहीत होतं, म्हणून तर कुंपण होतं. स्की करणारा कुणी पाहुणा चुकून त्यात जाऊ नये म्हणून ते उंच करायचं होतं.

पायाखालचा बर्फ खचला आणि दोघं आत पडले. खड्डा वीसेक फूट खोल. त्यांना काढायला तिसरा उतरला, तोही तिथेच राहिला. चौथा ऑक्सिजनचा मास्क लावून गेला. तो बेशुद्ध पडला, पण त्याला ओढून काढता आलं आणि तो वाचला. तिघं गेले. मदतीला धावलेल्या आणखी सात जणांवर उपचार करावे लागले.

या प्रकरणाकडे ‘दुर्दैवी अपघात’ म्हणून बघून पुढे जाता येतं. पण मला ते पुन्हा पुन्हा उघडावंसं वाटतं ते एका कारणासाठी. इथे अज्ञान नव्हतं. जागा माहीत, वायू माहीत, धोका माहीत, आणि माणसं डोंगरात जीव वाचवण्यात तरबेज. एवढं सगळं असताना दोनाचे तीन कसे झाले, हा खरा प्रश्न आहे.

आधी डोंगर समजून घेऊ. मॅमथ माउंटन सिएरा नेवाडा या पर्वतरांगेच्या पूर्व बाजूला आहे, उंची ३,३६९ मीटर. कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या मराठी मंडळींच्या हिवाळी फोटोंत तो अधूनमधून दिसतो, पण तो ज्वालामुखी आहे हे फोटोत दिसत नाही. साधारण एक लाख ते पन्नास हजार वर्षांपूर्वी घट्ट, चिकट लाव्हाचे घुमट एकावर एक चढत तो तयार झाला. त्याच्या शेजारी त्याहून फार मोठी आणि जुनी गोष्ट पसरली आहे: लाँग व्हॅली नावाचं खोलगट खोरं. ७ लाख ६० हजार वर्षांपूर्वी इथे झालेल्या महास्फोटात सुमारे ६०० घन किलोमीटर शिलारस बाहेर फेकला गेला आणि रिकाम्या झालेल्या पोटावरची जमीन खाली बसली. मॅमथ माउंटन या बसलेल्या खोऱ्याच्या नैर्ऋत्य काठावर उभा आहे.

ही सगळी भूतकाळातली गोष्ट आहे असं वाटत असतानाच मे १९८० मध्ये या भागात सहा रिश्टरच्या आसपासचे चार भूकंप दोन-तीन दिवसांत झाले. त्याच महिन्यात, एकच आठवडा आधी, उत्तरेला माउंट सेंट हेलेन्स या ज्वालामुखीचा स्फोट झालेला होता. अमेरिकी भूशास्त्र सर्वेक्षण खात्याने १९८२ मध्ये इथल्या संभाव्य ज्वालामुखी धोक्याची सूचना काढली. ती गावकऱ्यांना अधिकृतपणे कळण्याआधी वर्तमानपत्रात आली. डोंगराजवळचं, पर्यटनावर पोट असलेलं मॅमथ लेक्स हे गाव भडकलं. जागांचे भाव पडले. गावातून बाहेर पडायला एकच रस्ता होता म्हणून दुसरा बांधला गेला, पण ‘पळवाट’ हे नाव पाहुण्यांना दाखवायला बरं दिसत नाही, तेव्हा त्याचं नाव ‘सीनिक लूप’ ठेवलं. निसर्गरम्य फेरी! धोका झाकायचा नाही आणि दाखवायचाही नाही, अशी ही कसरत आपल्याकडच्या पर्यटनगावांनाही ओळखीची वाटेल.

शिलारस काही वर आला नाही. वर आलं ते वेगळंच.

१९८९ च्या मे महिन्यात मॅमथ माउंटनच्या खाली बारीक बारीक भूकंपांचा सडा सुरू झाला आणि तो जवळजवळ सहा महिने चालला. बहुतेक धक्के माणसाला कळणारही नाहीत इतके लहान. यंत्रांच्या नोंदींवरून निष्कर्ष निघाला तो असा: शिलारसाची एक पातळ पट्टी, पापुद्र्यासारखी, डोंगराखालच्या भेगेत घुसली आणि थांबली. त्याच सुमारास उत्तर उताराच्या वाफेच्या भोकातल्या वायूत हेलियमच्या दोन समस्थानिकांचं, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या हलक्या-जड रूपांचं, आपसातलं प्रमाण बदललं. हलक्या, म्हणजे हेलियम-३ चा वाटा वाढला. तो पृथ्वीच्या खोल भागातून येतो, त्यामुळे खाली ताजा शिलारस हलल्याची ती सही मानतात.

पुढच्या वर्षी झाडं मरायला लागली. डोंगराच्या दक्षिण पायथ्याला हॉर्सशू नावाचं तळं आहे, तिथे पाइन आणि फरचं जंगल आहे. आधी सगळ्यांनी दुष्काळाला आणि साल पोखरणाऱ्या किड्यांना दोष दिला. कॅलिफोर्नियात तेव्हा खरोखरच कोरडी वर्षं चालू होती. पण किडा निवड करतो. त्याला ठरावीक जातीची, अशक्त झाडं आवडतात. इथे म्हातारं-तरुण, ही जात-ती जात, असा काहीच भेद नव्हता. एका सलग पट्ट्यातलं जे उभं होतं ते सगळं वाळत होतं. १९९४ मध्ये मातीतला वायू मोजला. सामान्य मातीत कार्बन डायऑक्साइड एक टक्क्याच्या आतबाहेर असतो. इथे तो मातीतल्या हवेच्या २० ते ९५ टक्के निघाला. मुळांनाही श्वासाला ऑक्सिजन लागतो, तो मिळेनासा झाला आणि जंगल मुळापासून गुदमरलं. शास्त्रज्ञ क्रिस फॅरर आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात हे मांडलं. त्यांचा त्या वेळचा अंदाज होता दिवसाला १,२०० टन. नंतरच्या मोजण्यांत आकडे यापेक्षा बरेच खाली आले, तरी दिवसाला शेकडो टनांची भाषा कायम राहिली. झाडं मेलेला भाग वाढत शंभर एकरांच्या पुढे गेला.

इथे थोडं थांबून एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. शिलारसात बरेच वायू विरघळलेले असतात: पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, गंधकाचे वायू, हायड्रोजन क्लोराइड. सोड्याची बाटली हळूच सैल केली की फेस येतो, तसा दाब कमी झाला की ते सुटू लागतात. पण सगळे एकदम नाही. कार्बन डायऑक्साइड शिलारसात सगळ्यांत कमी विरघळतो, म्हणून तो फार खोलवरच सुटतो आणि सगळ्यांच्या पुढे निघतो. वर येताना वाटेत भूजल लागतं. गंधकाचे आणि आम्लाचे वायू त्यात बऱ्यापैकी धुऊन निघतात. राहतो तो कार्बन डायऑक्साइड, ज्याला ना रंग, ना वास. म्हणजे ज्या वायूंनी नाकाला सावध केलं असतं ते वाटेतच गाळले जातात आणि ज्याला नाक ओळखत नाही तोच दारात येऊन उभा राहतो. हॉर्सशू तळ्याकाठी ना वाफ दिसते, ना माती गरम लागते. नुसती राखाडी, उघडी झाडं उभी आहेत.

त्या झाडांनी एक नोंदवहीही ठेवली आहे. शिलारसातला कार्बन लाखो वर्षं जुना, त्यातला किरणोत्सारी कार्बन-१४ केव्हाच संपलेला. काठावरच्या, अजून जिवंत असलेल्या झाडांनी हा ‘मेलेला’ कार्बन हवेतून घेतला आणि दरवर्षीच्या वाढीच्या कड्यात बसवला. संशोधकांनी कडी मोजून, कोणत्या वर्षी कार्बन-१४ किती उणा आहे ते पाहिलं आणि वायू केव्हा जोरात होता, केव्हा ओसरला याचा इतिहास काढला. तो १९९० पासूनच सुरू होतो. यंत्रं तिथे पोचायच्या चार वर्षं आधीपासून झाडं लिहीत होती.

माणसांनाही इशारे मिळाले होते. मार्च १९९० मध्ये हॉर्सशू तळ्याजवळच्या, बर्फाने वेढलेल्या एका केबिनमध्ये वनखात्याचा एक रक्षक शिरला आणि गुदमरायला लागला. बाहेर पडला म्हणून निभावला. १९९५ मध्ये तळ्याकाठची तंबू ठोकायची जागा बंद करण्यात आली. मे १९९८ मध्ये त्याच परिसरात स्की करत गेलेला एक माणूस बर्फातल्या खळग्यात मेलेला सापडला, तोही बहुधा याच वायूने. केबिनमधला रक्षक आणि हा माणूस, दोघांच्या बाबतीत एक गोष्ट समान आहे ती म्हणजे बंदिस्त जागा. शिवाय दोन्हीकडे बर्फ आहे.

कार्बन डायऑक्साइड हवेच्या दीडपट जड असतो. उघड्यावर वारा त्याला पांगवतो. पण खळगा, तळघर, केबिन, बर्फाखालची पोकळी, जिथे वारा पोचत नाही तिथे तो पाण्यासारखा साचतो. बर्फ दोन कामं करतो: जमिनीवर झाकण घालतो, आणि झाकणाखाली भांडं तयार करतो. वाफेच्या भोकावर तर हे भांडं भोक स्वतःच घडवतं. तीन हजार मीटरच्या आसपास पाणी ९० अंशांनाच उकळतं. त्या तापमानाची वाफ खालून सतत बर्फ वितळवत राहते. जमिनीजवळ, जिथे उष्णता जास्त, तिथे पोकळी रुंद होते. वर थंडी असते, नवा बर्फ पडत असतो, तिथे तोंड अरुंद राहतं किंवा बुजूनही जातं.

तोंड अरुंद आणि पोट मोठं. हे वाचताना सांगलीकडच्या माणसाला पेव आठवेल. हरिपूरला हळद साठवण्यासाठी जमिनीत खणलेली पेवं प्रसिद्ध आहेत. वरून बघितलं तर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, आत गेलं की खोलीएवढी जागा. पेवाच्या तोंडाकडे बघून पोट कुठवर पसरलं आहे हे परक्याला सांगता येत नाही. मॅमथवरच्या त्या पोकळीचंही तेच. कुंपण घालणारा ‘भोकापासून’ अंतर ठेवतो, पण भोक म्हणजे वरचं तोंड की खालचं पोट? वादळाने ताजा बर्फ टाकल्यावर तर तोंडही नेमकं कुठे आहे ते अंधुक होतं. पाय ज्यावर टेकला ती जमीन नव्हती, ते छत होतं. माझ्या मते प्रकरणाचा पहिला दुवा इथे आहे. धोक्याची हद्द दर वादळाने सरकत होती, आणि ती नव्याने आखण्याचं काम हद्दीवर उभं राहूनच करावं लागत होतं.

पेवाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक धागा सोडवून घेतो, कारण इथे आपलं पारंपरिक शहाणपण आपल्यालाच फसवू शकतं. बंद पेव उघडलं की त्यात लगेच कुणी उतरत नाही. तोंड मोकळं ठेवून आतली वाफ जाऊ देतात, मग पेटता कंदील दोरीने सोडून बघतात. विझला तर उतरायचं नाही. जुनी विहीर उपसतानाही हीच रीत. आणि ती बरोबर आहे. पेवात साठवलेला माल आणि त्यावरचे सूक्ष्मजीव श्वास घेतात. जेवढा ऑक्सिजन खातात, साधारण तेवढाच कार्बन डायऑक्साइड सोडतात. त्यामुळे एक वाढला की दुसरा तितकाच घटतो. ज्योत विझते ती ऑक्सिजन १६-१७ टक्क्यांवर आला की. म्हणजे तेव्हा कार्बन डायऑक्साइड चार-पाच टक्के झालेला असतो. माणसाला धोका सुरू होतो तोही तिथेच. कंदील वेळेवर बोलतो.

ज्वालामुखीच्या भोकात हिशेब वेगळा आहे. तिथे ऑक्सिजन कुणी खात नाही. बाहेरचा कार्बन डायऑक्साइड येऊन हवेत मिसळतो. हवेत तो १० टक्के झाला, तरी ऑक्सिजन २०.९ वरून जेमतेम १८.८ वर येतो. कंदील मंदावेल, पण जळत राहील. आणि दहा टक्क्यांत माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडतो. तीस टक्क्यांत तर दोन-चार श्वासांत. त्या हवेत ऑक्सिजन अजून साडेचौदा टक्के असतो, म्हणजे पुष्कळ उंच डोंगरावर जितका मिळतो त्याहून वाईट स्थिती नसते. माणूस मरतो ते केवळ ऑक्सिजन कमी पडल्याने मरतो असं नाही. कार्बन डायऑक्साइड स्वतःच रक्त आम्ल करतो आणि मेंदू बधिर करतो. ‘गुदमरला’ हा शब्द आपण दोन्हीला वापरतो, पण दोन्ही मरणं एक नव्हेत.

त्यात शरीराची एक खोड आहे. श्वास किती जोरात घ्यायचा हे आपलं शरीर मुख्यतः रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडवरून ठरवतं. तो वाढला की आपोआप खोल श्वास सुरू होतात. चांगल्या हवेत हे फायद्याचं असतं. पण बाहेरची हवाच त्याने भरलेली असेल तर जितका जोरात श्वास, तितकं जास्त विष आत. धावत आलेला, दमलेला, घाबरलेला माणूस शांत माणसापेक्षा लवकर पडतो. अमेरिकेतल्या कामगार-सुरक्षेच्या निकषांत जिवाला तात्काळ धोका ४ टक्क्यांपासून धरतात, आणि साध्या हवेत हा वायू ०.०४ टक्के असतो. वाफेच्या भोकावरच्या, बर्फाखालच्या पोकळीत तो किती असेल याची कल्पना करायला मातीतले २० ते ९५ टक्के हे आकडे पुरेसे आहेत.

आता चौथ्या माणसाच्या मास्ककडे येऊ. जखमी माणसाला लावायचा ऑक्सिजनचा मास्क आजूबाजूची हवा बंद करत नाही. तो त्या हवेत जास्तीचा ऑक्सिजन मिसळतो. कडांतून आणि छिद्रांतून बाहेरची हवा आत येतच असते, आणि खोल श्वास घेणाऱ्याच्या बाबतीत ती जास्त येते. धुरात शिरणारे अग्निशमन दलाचे लोक पाठीवर हवेची टाकी आणि चेहऱ्याला घट्ट बसणारा मुखवटा घेऊन जातात, तो प्रकार निराळा. पहिला औषध आहे, दुसरं चिलखत. दोन्हीला आपण ‘ऑक्सिजन लावून गेला’ असंच म्हणतो. डोंगरावरच्या गस्तीकडे औषध असणं स्वाभाविक आहे, कारण त्यांचं रोजचं काम पडलेल्या-मोडलेल्या माणसाला सांभाळण्याचं. चिलखत लागावं असं त्यांच्या रोजच्या कामात काही नसतं.

तिसरा माणूस का उतरला, हा या प्रकरणाचा गाभा आहे. ‘भावनेच्या भरात’ हे उत्तर मला पटत नाही. त्याने आपण स्वतःला मोठं करतो आणि त्याला लहान. तो बर्फाचा जाणकार होता, नवखा नव्हता. मला दिसतं ते असं. स्की-गस्तीच्या माणसाच्या अंगात एक घड्याळ मुरलेलं असतं, आणि ते हिमकड्याचं असतं. हिमकडा कोसळून गाडला गेलेला माणूस पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर काढला तर दहातले नऊ वाचतात. अर्ध्या तासानंतर दहातले तीन-चार. म्हणून सगळं प्रशिक्षण वेगाचं असतं: बाहेरून मदत यायची वाट बघू नका, जे जवळ आहेत त्यांनीच खणा, लगेच खणा. ही शिकवण बरोबर आहे, तिने शेकडो जीव वाचवले आहेत. सवंगडी बर्फाखाली, वीस फुटांवर, समोर दिसताहेत, हलत नाहीत. वर्षानुवर्षं शिकवलेलं सगळं एकच सांगत असतं, की जा. वायूच्या खड्ड्याचा नियम नेमका उलटा आहे: थांब, दोर बांध, मोजमाप कर, चिलखत येईपर्यंत उतरू नको. दोन्ही नियम एकाच माणसाच्या डोक्यात, एकाच बर्फावर, एकाच सकाळी हजर हवे होते. त्यातला एक हजारदा सरावलेला, दुसरा कुठेतरी ऐकलेला. कोणता जिंकणार?

हे फक्त डोंगराचं नाही. अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या कामगार-आरोग्य संस्थेने १९८६ च्या एका सूचनेत नोंदवलं होतं की बंदिस्त जागांतल्या मृत्यूंत साठ टक्क्यांहून जास्त मृत्यू वाचवायला गेलेल्यांचे होते. आपल्याकडे मैल्याच्या टाकीत, विहिरीत एकामागून एक उतरलेल्यांची बातमी दर वर्षी येते. बहुतेक वेळा त्यातले दोघं-तिघं भाऊ किंवा बाप-लेक असतात. भाऊ उतरला तर भाऊ उतरणारच. असा खड्डा माणसाच्या मूर्खपणावर जगत नाही, मायेवर जगतो.

ज्वालामुखीच्या वायूनेही हे आधी करून दाखवलं होतं, जपानमध्ये तर निदान दोनदा. १२ जुलै १९९७ ला हाक्कोदा पर्वतात सरावाला गेलेल्या संरक्षण दलाच्या तुकडीतले काही जण कार्बन डायऑक्साइडने भरलेल्या एका खळग्यात अडकले. आधी पडलेल्यांना काढायला बाकीचे गेले. तिघं मेले. दुसरी घटना मॅमथच्या अपघाताच्या अवघे तीन महिने आधीची. २९ डिसेंबर २००५ ला आकिता प्रांतात गरम झऱ्यांच्या एका ठिकाणी एकाच कुटुंबातले चौघं बर्फातल्या खड्ड्यात सापडून मेले. तिथला वायू हायड्रोजन सल्फाइड होता, सडक्या अंड्याच्या वासाचा. म्हणजे वास येणारा वायूही नेहमी वाचवतोच असं नाही. त्याचं प्रमाण फार वाढलं तर तो नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो, आणि वास गेला म्हणजे धोका गेला असं वाटतं. वायू वेगळा, देश वेगळा, पण मांडणी तीच: जमिनीतून येणारा वायू, त्यावर बर्फाचं भांडं, आणि एकामागून एक उतरणारी आपली माणसं. जपानमधलं हे प्रकरण जपानी वर्तमानपत्रांत गाजलं होतं. पॅसिफिकच्या पलीकडच्या स्की-डोंगरावर ते तीन महिन्यांत पोचणं शक्य होतं का, आणि पोचलं असतं तर त्याने कुंपण हलवण्याच्या पद्धतीत काही बदल झाला असता का, याचं उत्तर मी देऊ धजणार नाही. पण धोक्याची माहिती भाषेच्या आणि खात्याच्या भिंतींवर अडते हे मात्र खरं. एकाच डोंगराच्या दोन बाजूंचंही तेच आहे. हॉर्सशू तळ्याकाठचा थंड, अदृश्य वायू ही भूशास्त्रज्ञांची आणि वनखात्याची गोष्ट होती. तिथे मोजण्या होत होत्या, फलक लागले होते. उत्तर उतारावरचं वाफेचं भोक ही स्कीच्या लोकांची गोष्ट होती. डोळ्यांना दिसणारी वाफ असल्यामुळे तिथला धोका पडण्याचा किंवा भाजण्याचा वाटणं सोपं आहे. वाफ दिसते तिथे वायूचा विचार मागे पडतो. पण दोन्हीकडचा कार्बन डायऑक्साइड एकाच पोटातला.

मग काय करता आलं असतं? मागाहून शहाणं होणं सोपं असतं, तरी प्रकरण अभ्यासाचं कामच ते. काठावर जाणाऱ्याच्या कमरेला दोर, आणि दोराचं दुसरं टोक घट्ट जमिनीवर उभ्या असलेल्याच्या हातात, हे सगळ्यांत स्वस्त. दोर असता तर दोघांना वरून ओढता आलं असतं आणि तिसऱ्याला उतरण्याचं कारणच उरलं नसतं. हिमकड्यात गाडलेल्यांना शोधायला जी लांब सळई गस्तीच्या पाठीवर असतेच, तिने पाऊल टाकण्याआधी बर्फ टोचून बघता येतो, खाली पोकळी असेल तर सळई सुळकन जाते. कमरेला लावायचं वायूमापक खिशाएवढं असतं. फक्त ते कार्बन डायऑक्साइड मोजणारं हवं, कारण नुसता ऑक्सिजन मोजणारं यंत्र वरच्या कंदिलाच्याच चुकीत सापडतं. १८.८ दाखवेल आणि फार तर ऑक्सिजन थोडा कमी आहे एवढंच सांगेल. यातलं काहीच अवघड नाही. अवघड आहे ते कुंपण उंच करण्यासारख्या दर आठवड्याच्या, कंटाळवाण्या कामाला ‘आज आपण बंदिस्त विषारी जागेच्या छतावर उभे राहणार आहोत’ असं म्हणणं. शंभर वेळा निर्विघ्न झालेलं काम धोक्याचं वाटत नाही. किंबहुना धोक्यापासून दुसऱ्यांना वाचवण्याचं काम हेच करणाऱ्याला सुरक्षित वाटायला लावतं.

डोंगराने त्यानंतरही आपला क्रम सोडला नाही. वायूचा जोर कधी ओसरला, कधी बारीक भूकंपांनंतर पुन्हा चढला. २००९ नंतरच्या दोन-तीन वर्षांत तो वाढलेला मोजला गेला. खाली शिलारसाची नवी हालचाल आहे की जुन्याच साठ्याचं झाकण सैल-घट्ट होतं आहे, यावर अभ्यासकांत चर्चा आहे. १९८९ च्या त्या पट्टीने सगळा वायू स्वतः आणला नाही, डोंगराखाली दाबात साठलेल्या वायूच्या कोठीला तिने तडा दिला, हे म्हणणं मला जास्त पटतं. कोठी मोठी असेल तर गळती दशकानुदशकं चालते, आणि ती तशी चालली आहे. १९८२ मध्ये सुरू झालेली लाँग व्हॅलीची वेधशाळा २०१२ पासून कॅलिफोर्निया ज्वालामुखी वेधशाळा झाली. तिची यंत्रं हा वायू मोजत असतात.

हॉर्सशू तळ्याकाठी अजूनही राखाडी खोडं उभी आहेत. काही आडवी पडली आहेत, त्यांच्यामध्ये लोक कुत्री घेऊन फिरतात. तिथे वायूचा इशारा देणारा फलक आहे. खड्ड्यांत आणि बर्फातल्या खळग्यांत धोका सगळ्यांत जास्त असतो असं तो सांगतो. तळ्यापर्यंतचा गाडीरस्ता हिवाळ्यात बंद असतो, त्यामुळे फलक वाचणारे बहुतेक लोक उन्हाळ्यात येतात, तळ्यावरून वारा वाहत असताना.